नुरा सर

मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांच्यासमोर मी तो शब्द बिघडवला त्या पालकांपैकी कुणाला नाही, आणि ज्याचा तो शब्द होता त्या माणसाला तर नाहीच. कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, अहो, माझी ती भाषा कारखान्यातली, मोडकीतोडकी, चुकलं असेल. पण कुणी विचारलंच नाही. आणि न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तयार ठेवून मी इतकी वर्षं फिरतोय.

मी साखर कारखान्यात पॅनवरचा माणूस. उसाचा रस आटत जातो, त्यात दाणा धरतो, तो दाणा काचेवर घेऊन बघायचा आणि अजून किती शिजवायचं ते ठरवायचं, हा माझा धंदा. तेवढ्या जोरावर मी चार वर्षं इंडोनेशियात, जावा बेटावरच्या एका कारखान्यात काढली. तिकडं मोठ्या माणसाला ‘पाक’ म्हणतात, आपल्या ‘साहेबां’सारखं. साखरेतल्या माणसाला सगळे दिवसभर पाक म्हणून हाक मारायचे याचं मला पहिले सहा महिने हसू यायचं. मग सवय झाली. भाषा मी पुस्तकातून शिकलो नाही. ‘वाफ बंद कर’, ‘थांब’, ‘परत चुकलं’, अशी शिकलो. बाकीची घरमालकिणीकडून.

परत कोल्हापूरला आलो तेव्हा वाटलं, ही भाषा आता कायमची वाया गेली. पण कसबा बावड्याच्या अलीकडं एका जुन्या गोदामात बॅडमिंटनचा हॉल झाला, माझी मुलगी तिथं खेळायला लागली, आणि एक दिवस हॉलच्या अध्यक्षांनी मला बोलावणं धाडलं. अध्यक्ष म्हणजे तरुणपणी तालमीत घाम गाळलेला गडी, नंतर रस्त्यांची कामं घेऊन मोठा झालेला. बॅडमिंटनमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण तालीम कळत होती. ते म्हणाले, “कुस्तीला कसा वस्ताद लागतो, तसा हितं बी वस्ताद पायजे. म्या थेट इंडोनेशियाचा गडी आणलाय. तिकडच्या राष्ट्रीय छावणीत हुता म्हणं. पर एक लोचा झालाय. त्याला इंग्रजी येत न्हाय, आणि आमाला त्याचं काय येत न्हाय. तुमी तिकडं राहिलाय न्हवं?”

मी पन्नाशीकडं झुकलेला, तोही तसाच. बुटका, रुंद खांद्यांचा, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. मी त्याला त्याच्या भाषेत ‘सुखरूप आलात ना’ एवढं विचारलं आणि तो माझा हात सोडेना. नेमका तेव्हा जवळच्या साखर कारखान्याकडून मळीचा वास आला. त्यानं नाक वर करून तो वास घेतला आणि म्हणाला, “पाक, हे तर माझं गाव.” त्याचा बाप साखर कारखान्यात यंत्रांना तेल घालायच्या कामावर होता. माझ्या जावातल्या कारखान्यापासून त्याचं गाव दीडेक तासावर. आता हा योगायोग म्हणायचा की काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो माझ्याकडं काळजीनं आला. म्हणाला, “पाक, ही पोरं एवढी चांगली, पण मी काहीही शिकवलं की सगळी मिळून ‘हरलो, हरलो’ असं का ओरडतात?”

मला काही उमजेना. मग सराव बघत बसलो तेव्हा लक्षात आलं. तो खुणेनं काही दाखवायचा आणि सगळी पोरं एका सुरात ओरडायची, “कळ्ळं सर!” त्याच्या भाषेत ‘कालाह’ म्हणजे हरणं. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमला की दोन्ही सारखंच ऐकू येतं. मी समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की खाली बसला. त्यानंतर प्रत्येक गोष्ट शिकवून झाली की तोच विचारायचा, “कालाह?” आणि पोरं छत उडेल असं ओरडायची, “कळ्ळं!” अध्यक्षांना हे फार आवडायचं. “पावणं मराठी शिकायलं की!”

त्याची सगळी कारकीर्द मला तुकड्या-तुकड्यांत कळली. संध्याकाळी सराव संपला की आम्ही बाकावर चहा घेत बसायचो, तेव्हा तो एखादा तुकडा सांगायचा, कधी पुढचा आधी, कधी मागचा नंतर. कारखान्याच्या आवारात चुन्यानं आखलेलं मैदान. मोडक्या फुलात कोंबड्याची पिसं खोचून खेळणं. शटलला मी फूल म्हणतो, हॉलमध्ये सगळे तसंच म्हणत. अकराव्या वर्षी शहरातल्या क्लबानं उचललं, सतराव्या वर्षी राष्ट्रीय छावणीत. आपल्याकडं मल्ल लाल मातीत जसा राहतो तसंच तिथं: पहाटे उठणं, मोजून खाणं, घर नाही, सण नाही.

छावणीत तो पाचवा होता. पहिले चौघे परदेशी खेळायला जायचे. पाचव्यानं त्यांचा सराव घ्यायचा. कोच त्याला सकाळी सांगायचे, आज तू अमक्या देशाचा खेळाडू हो. मग दिवसभर तो त्या परक्या खेळाडूसारखा खेळायचा, त्याच्यासारखी सर्व्हिस, त्याच्यासारखा उलट्या हाताचा फटका, चालणंसुद्धा तसं. त्यानं मला हॉलमध्ये एकदा सगळे करून दाखवले. एक उंच, एक डावखुरा, एक सारखा घाम पुसणारा. मी हसत होतो. शेवटी मी विचारलं, “आणि तुम्ही स्वतः कसे खेळायचा?” त्यानं रॅकेट उचलली, तसाच उभा राहिला, मग खाली ठेवली. म्हणाला, “ते मला कुणी विचारलं नाही, पाक.”

एकदाच तो वर आला. चौघांतला एक आजारी पडला म्हणून परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला याला पाठवलं, आणि हा एकेक फेरी जिंकत उपांत्य फेरीत गेला. समोर कोण, तर आपल्याच छावणीतला पहिला. सकाळी न्याहारीच्या टेबलावर कोच आले, आपल्या ताटातलं अंडं याच्या ताटात ठेवलं आणि एकच शब्द बोलले. मंगालाह.

हाच तो शब्द.

जावात माझ्या घरमालकिणीला दोन मुली होत्या. अंगणातल्या झोपाळ्यावरून रोज भांडण. आई आतून ओरडायची, “तू ताई ना? मंगालाह!” मोठी तोंड फुगवून उतरायची आणि धाकटी बसायची. पहिल्या महिन्यातच मला हा शब्द पाठ झाला. ‘कालाह’ म्हणजे हरणं आणि ‘मंगालाह’ म्हणजे आपण होऊन मागं सरणं, दुसऱ्याला पुढं जाऊ देणं. आपल्याकडं त्याला चपखल बोल आहे: नमतं घेणं. आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, तू थोरला हाईस, तू नमतं घे.

तर यानं नमतं घेतलं. तिसऱ्या गेमपर्यंत खेळला आणि मग प्रत्येक फूल रेषेच्या एक बोट बाहेर मारत गेला. “जिंकण्यापेक्षा ते अवघड, पाक. दोन बोटं बाहेर गेलं तर लोकांना दिसतं. एकच बोट.” पहिला अंतिम फेरी जिंकला, त्यांच्या देशात त्याची मिरवणूक निघाली. यानं त्या मिरवणुकीत त्याच्या बॅगा सांभाळल्या. पुढच्या वर्षी गुडघा गेला. नंतर इकडं तिकडं शिकवणं, आणि शेवटी आमचं गोदाम.

हे तो मला रडत वगैरे सांगत नव्हता. उलट त्याच्या तोंडावर एक मजेशीर तेज यायचं. आयुष्यात एकदा आपण जिंकू शकत होतो, हे त्याला ठाऊक होतं, एवढंच.

आता माझ्या मुलीचं. ती सोळा वर्षांची होती, जिल्ह्याच्या संघात तिची निवड होणार असं मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी सरांनी तिला बोलावलं, मला शेजारी उभं केलं आणि म्हणाले, सांगा तिला. मी विचारलं, काय? ते म्हणाले, “संघात ती नाही. हात फार चांगला आहे. पण प्रत्येक फटक्यानंतर तिची नजर बाकावर जाते, तुम्ही बसता तिथं. ती तुमच्यासाठी खेळते. असं खेळणारा किती दिवस टिकतो ते मला माहीत आहे.”

माझ्याच तोंडानं माझ्याच लेकीला हे सांगायचं. मी म्हणालो, “सर म्हणतात, यंदा जरा थांबू या. हात चांगला आहे म्हणतात.” ती “बरं” म्हणाली आणि बूट सोडायला बसली. म्हणजे बघा, गरज पडली तेव्हा मला मऊ शब्द सापडत होता. अर्ध्या क्षणात सापडला. यावर माझी सगळी अडचण उभी आहे.

पुढचे आठ दिवस मी बाकावर बसलो नाही, बाहेर गाडीजवळ उभा राहायचो. सर येऊन विचारायचे, चहा? मी म्हणायचो, आज काम आहे.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, पालकांची सभा होती. कागदी द्रोणांत भडंग, सतरंज्या, समोर खुर्चीवर सर. अध्यक्षांनी कौतुकानं भाषण केलं. मग एका पालकानं विचारलं, “सरांनी त्यांच्या सगळ्यात मोठ्या मॅचचं सांगावं.” मी ते त्यांना सांगितलं. सर उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. आणि ती उपांत्य फेरी सांगितली, जशी मला सांगितली होती तशी, फक्त अंडं आणि कोचचा तो शब्द गाळून, कोचनी सकाळी बजावलं होतं एवढंच म्हणून. मी वाक्या-वाक्याला मराठी करत गेलो. शेवटी ते थांबले, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, “साया तिदाक कालाह. साया मंगालाह.” मी हरलो नाही. मी नमतं घेतलं.

पोरं ‘कालाह’ ऐकून खुदकन हसली. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, “सर म्हणतात, मी हरलो नाही. मी मॅच सोडली.”

दुसरीकडं कुठं हे वाक्य चाललं असतं. पण ते कोल्हापूर होतं, आणि खाली बसलेल्यांपैकी निम्म्यांचे बाप-आजे कुस्तीच्या मैदानाच्या कडेला बसून म्हातारे झालेले. ‘कुस्ती सोडली’ म्हटलं की इथं एकच अर्थ होतो. आधी ठरवून लढलेली, लोकांच्या डोळ्यांत धूळ टाकणारी. तिला आमच्याकडं नुरा म्हणतात, आणि यापेक्षा वाईट शिवी तालमीत नाही.

मागून कुणीतरी बोललं, “म्हंजे नुरा व्हय?”

दुसरा म्हणाला, “आयला! आणि तोंडानं सांगतोय की वर!”

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडं झुकून हळू म्हणाले, “पैसं घिऊन का वं?”

सर हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होते. पोरं हसली होती, तेव्हा लोकांना आवडलं असं त्यांना वाटत असणार. मला फक्त त्यांच्याकडं वळून एक वाक्य विचारायचं होतं. तेही सोडा. अध्यक्षांना ‘नाही हो, नमतं घेतलं असं म्हणतात ते’ एवढं म्हणायचं होतं. ते शब्द माझ्या जिभेवर होते, शपथ घेऊन सांगतो. आणि मी म्हणालो, “ते त्यांनाच ठाऊक.”

पहिल्यांदा ‘मॅच सोडली’ म्हणालो ती चूक होती की मुद्दाम, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी स्वतःला पुष्कळदा त्या सतरंजीसमोर उभं करून बघितलंय. कधी वाटतं, घाईत सुचलं ते बोललो. कधी वाटतं, नाही, मुलीचे सोडलेले बूट डोळ्यांसमोर होते. पण ‘त्यांनाच ठाऊक’ हे मात्र मी पूर्ण शुद्धीत म्हणालो.

घरी जाताना गाडीवर मागं बसलेली मुलगी म्हणाली, “पप्पा, सर खरंच असं म्हणाले? कोचनी सांगितलं म्हणून केलं ना त्यांनी?”

“तू गप बस. तुला त्यातलं काय कळतं?”

तिला तेवढं कळलं होतं. मोठ्यांना कसं कळलं नाही, कुणास ठाऊक. की त्यांना शेवटचं वाक्यच ऐकायचं होतं?

पुढं कुणी सरांना काही बोललं नाही. तीच तर आमची पद्धत, पाहुण्याला तोंडावर बोलायचं नाही. मुलं कमी होत गेली. “परीक्षा हाय.” “क्लास हाय.” राहिलेली पोरं आपापसात त्यांना ‘नुरा सर’ म्हणायला लागली. मग तोंडावरही म्हणायला लागली, कारण त्यांना काही समजत नाही हे पोरांना माहीत होतं. “नुरा सर, फुलं संपली!” “नुरा सर, गेट उघडा की!” आणि सर लगबगीनं जायचे.

एका संध्याकाळी त्यांनी मला गाठलं. “पाक, ही पोरं मला नुरा म्हणतात. म्हणजे काय?” मी गाडीची किल्ली खिशात चाचपायला लागलो. त्यांनीच विचारलं, “नूर वरून?” नूर म्हणजे उजेड. त्यांच्याकडंही, आपल्याकडच्या उर्दूतही. त्यांच्या गावात दर दुसऱ्या घरात या नावाचं माणूस असतं. शुक्रवारी ते ज्या मशिदीत जायचे तिथंही हा शब्द त्यांनी ऐकला असणार.

मी होकारार्थी मान हलवली. एवढंच केलं.

त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा सोडून परत नीट बांधला, बराच वेळ लावून. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, पोरं माझ्यावर रागावलीत.”

अध्यक्षांनी पुढच्या वर्षी त्यांना ठेवलं नाही. मला म्हणाले, “मानूस वाईट न्हाय वं. पर लोक काय म्हणतील? तालमीत नुरा वस्ताद ठेवल्यागत व्हतंय.” मी तेव्हाही सांगू शकलो असतो. तेव्हा तर मुलीवरून आलेला रागही उरला नव्हता माझ्यात. मग काय उरलं होतं? आपण खोटं पडू ही भीती, दुसरं काय. स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवायला मी एकटाच गेलो. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, इथं येऊन एक चांगलं नाव मिळालं.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते. रविवारी तिथं मैत्रिणींबरोबर खेळते. मध्यंतरी फोनवर सहज म्हणाली, “सरांनी तेव्हा मला संघात घेतलं नाही ते बरं झालं. आता खेळताना मजा येते.” म्हणजे तो तिच्याबद्दल बरोबर होता. मी त्याच्याबद्दल काय होतो? आणि मग दुसऱ्या बाजूनं मन चावायला लागतं: त्या उपांत्य फेरीत मी कुठं होतो? सगळं मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं. समजा तो खरंच हरला असेल, आणि सगळ्या जन्मात एकदा जवळ आलेल्या विजयाला त्यानं हा मऊ शब्द लावून घेतला असेल, तर? असा विचार आला की जरा बरं वाटतं. आणि बरं वाटलं की माझीच मला किळस येते. कारण तो हरला असेल किंवा त्यानं सोडलं असेल, शब्द त्याचा होता. तो जसाच्या तसा पोचवणं एवढंच माझं काम होतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा आवाजी निरोप आला. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यानं एक कोर्ट बांधलंय, वर पत्रा, खाली सिमेंट. गावची मुलं येतात. तो म्हणाला, “पाक, कोर्टाचं नाव नुरा ठेवतोय. तुमच्या लिपीत लिहून पाठवा ना. रंगारी पुढच्या महिन्यात येणार आहे. तुमची अक्षरं वर रेघ मारलेली असतात, ती मला आवडतात.” मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. निरोपाच्या शेवटी त्यानं विचारलं, “कालाह?” आणि आपणच हसला.

मी लिहून ठेवलंय. दोन अक्षरं. फोनमध्ये तशीच पडून आहेत. रोज उघडतो, बघतो, बंद करतो. जावातल्या त्या गावात ही पाटी वाचणारा कुणी जन्मात जाणार नाही. तिथं नुरा म्हणजे उजेडच. मग सांगून काय मिळवायचं? त्याच्या म्हातारपणातली एकुलती एक कमाई काढून घ्यायची? आणि न सांगावं, तर माझ्याच हातानं ती शिवी त्याच्या दारावर लिहून द्यायची? बायकोला विचारावंसं वाटतं. पण तिला विचारायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल. म्हणून आधी इथं लिहिलं.

रंगारी यायला आठवडा राहिलाय. अध्यक्ष अजून रोज सकाळी हॉलवर येऊन बसतात.

अध्यक्षांना मला सांगायचं आहे की ‘मॅच सोडली’ असं सर कधीच म्हणाले नव्हते, ते ‘नमतं घेतलं’ म्हणाले होते, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. आणि सरांना नुरा या शब्दाचा अर्थ सांगायचा आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.